वैनगंगेवरचा अबोला

ठरलं होतं गोवा. मग एकाची बायको नाही म्हणाली, दुसऱ्याचा साहेब नाही म्हणाला आणि तिसऱ्याने सरळ ग्रुपच सोडला. माझी सुट्टी मात्र मंजूर झालेली, आणि मंजूर सुट्टी परत करणं माझ्या तत्त्वात बसत नाही. शेवटी ऑफिसच्या कॅन्टीनवाल्या रमेशने मार्ग काढला. "मासोळ्याच खायच्या ना? माझ्या बहिणीकडे जा. तिचा नवरा नदीवर डोंगा चालवते, मासोळ्या धरते."

तर समुद्र रद्द, वैनगंगा मंजूर.

नागपूरहून भंडाऱ्याला एसटी हवी तेव्हा मिळते, बसायला जागा मिळेलच असं नाही. स्टँडवरून कारध्याचा शेअर ऑटो पकडायचा. पुलावर फोटोसाठी थांबवा म्हटलं तर ऑटोवाला वेग वाढवतो. पुढे नदीकाठाने आत गेलं की मासेमार ढिवरांची मोजकी घरं लागतात. गावाचं नाव लिहीत नाही, पुढे त्या घरातलं भांडण सांगायचं आहे.

थंडीचे दिवस होते. धान कापलेल्या बांध्यांत लाखोरीच्या डाळीचं पीक पोपटी झालं होतं. धरणाच्या फुगवट्याने नदी इथे तलावासारखी पसरली आहे. पाण्यातून वाळकी झाडं वर आलेली आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले. देखावा असा की मी गोव्याला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या.

रमेशची बहीण पुष्पाताई आणि तिचा नवरा शालिकभाऊ, दोघांनीही हसून स्वागत केलं. फक्त एकमेकांकडे बघत नव्हते. चहा पिता पिता ताईंनी विचारलं, "भाऊ, नागपुरात गेटवर उभं राहाचे काय देतेत?"

"तिले सांगा, गेटवर नाई, सोसायटीत," शालिकभाऊ म्हणाले.

शालिकभाऊंनी बायकोला न विचारता नागपुरात वॉचमनची नोकरी धरली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं. तेव्हापासून घरात अबोला. पण जाळं कोणावर रुसत नाही, ते काढायला डोंग्यात दोघं लागतातच. सकाळी तिघं त्या चिंचोळ्या होडीत बसून निघालो. मागे ताई वल्हं मारत, पुढे भाऊ, मधे मी आणि माझं वजन.

"त्याइले सांगा, जाळं डावीकडून घ्या मनावं."

"तिले सांगा, मले दिसून राहिलं."

दोघांत अंतर असेल जेमतेम आठ-दहा फूट. मी इमानदारीने निरोप पोचवत होतो. पोहता येत नसलेल्या माणसाने दुसरं काय करायचं?

डोंग्यात ओढलेलं जाळं बऱ्यापैकी भरलं होतं, रोहू होते, चांदीसारख्या बारक्या मासोळ्या होत्या. मग जाळ्याचं दुसरं टोक बुडालेल्या झाडात अडकलं. भाऊ वाकून ओढू लागले. मला वाटलं मदत करावी, म्हणून मी त्याच बाजूला सरकलो. डोंगा कलंडला आणि भाऊ पाण्यात गेले.

मला वाटलं हसतील. पण वर आले तेव्हा चेहरा पांढरा पडला होता. पाय जाळ्यात गुरफटला होता आणि हा जन्मभर नदीवर वाढलेला माणूस लहान मुलासारखा हात मारत होता. पुष्पाताईंनी वल्हं माझ्या हातात कोंबलं, कमरेचा विळा काढला आणि नवंकोरं जाळं सपासप कापलं. दंडाला धरून नवऱ्याला डोंग्यात ओढून घेतलं.

"काहून असे करून राहिले तुमी? पोहता नाई येत का?" त्या थेट त्यांच्याशीच बोलल्या. माझी निरोप्याची नोकरी गेली.

भाऊ बराच वेळ खोकत राहिले. मग हळू म्हणाले, "पावसाळ्यात डोंगा उलटला होता ना, तवापासून भेव वाटते वो. पानी पाह्यलं का छाती धडधडते. तुले कसं सांगू? ढिवर असून पान्याले भेते मनशील."

ताईंनी विळा खाली ठेवला. "मंग मनलं असतं. मी काय खाऊन टाकली असती? मले वाटलं, माह्यावर कटाळून जाऊन राहिले."

त्यानंतर मी पाणकावळे जितक्या बारकाईने पाहिले, तितक्या बारकाईने कोणी पाहिले नसतील.

ताईंनी माझ्या हातातलं वल्हं परत घेतलं आणि डोंगा काठाला लावला. उतरताना ओल्या कपड्यांत भाऊंनी विचारलं, "जाऊ का मंग नागपूरले?"

"जेवल्यावर सांगतो," ताई म्हणाल्या.

आणि खरंच त्यांनी जेवल्यावरच सांगितलं. तोवर चुलीवर रोहूचा रस्सा झाला, झिंग्यांची चटणी झाली, गरम भाताचा डोंगर झाला. भाऊ ताईंच्या तोंडाकडे बघत बसले, त्यांच्या वाटणीचंही मी खाल्लं. शेवटी ताट उचलताना ताई म्हणाल्या, "जा. जाळ्यावर मी नणंदेले नेतो. पन फोन रोज करजा." निघताना मी जाळ्याचे पैसे पुढे केले, तर ताईंनी माझ्या हातात सुक्या झिंग्यांची पुडी दिली. एसटीत त्या वासाने शेजारचा प्रवासी उठून गेला आणि मला ऐसपैस जागा मिळाली.

घरी आल्यावर लोक विचारतात, काय पाहिलं? नदी पाहिली म्हणतो. गोव्याचे फोटो मागणाऱ्यांना पाणकावळे दाखवतो.

परवा त्या सोसायटीवरून गेलो. गेटवर शालिकभाऊ, निळा गणवेश, कानाला फोन. "किती रोहू भेटले? अन् झिंगे?" गेटबाहेर एक मोठी गाडी हॉर्न वाजवत होती. भाऊंनी तिच्याकडे न बघता थांब म्हणून हात केला आणि फोनवर म्हणाले, "हं, सांग. सुरुवातीपासून सांग."