एका खुर्चीवरच्या दोघी

शहर थोरल्या बाईंना ओळखत होते ते आवाजाने. घरातला फोन उचलला की आधी पलीकडून एक बाई बोले आणि मग हवा तो माणूस मिळे, त्या काळी थोरल्या बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कुठे आग लागो, कोणाचे बाळंतपण अडो, नाहीतर एखाद्या कापडवाल्याला सख्ख्या भावाशी भांडायचे असो. सारे त्यांच्या हातातल्या दोरीतून, फोन जोडायच्या बोर्डावरून जात असे. त्यांनी असंख्य गुपिते ऐकली आणि एकही बाहेर फोडले नाही. स्वतःचे तर मुळीच नाही.

ते गुपित घरातच होते आणि दोघींची डोकी पांढरी झाल्यावरही उठल्यापासून त्यांच्या चुका काढत असे. ते म्हणजे त्यांची धाकटी जाऊ.

त्याचे असे झाले. नोकरी लागली तेव्हा थोरल्या बाईंचे मूल पाळण्यात होते. काही महिने बरे गेले आणि मग त्यांना ताप आला, तो काही केल्या उतरेना. रजा संपत आली. रजेपलीकडे गैरहजर राहणाऱ्या बाईची खुर्ची दुसरीला द्यायची, असा तिथला नियम होता. तेव्हा धाकट्या बाईंनी थोरलीच्या उशाशी बैठक मारली. पांघरुणावर बटणे मांडली, ती बोर्डावरची भोके. बुटांच्या नाड्या घेतल्या, त्या दोऱ्या. फोन आल्याचा दिवा लागला की मागची दोरी त्याच्या भोकात घालून नंबर विचारायचा आणि पुढच्या दोरीने तो जोडून द्यायचा. मागची विचारायला, पुढची जोडायला. एवढे पाठ करून त्यांनी थोरलीचा निळा कोट अंगात चढवला आणि त्या सरळ जाऊन तिच्या खुर्चीवर बसल्या.

तिथल्या मुख्य बाईंच्या नजरेतून हे तासभरही सुटले नाही. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "उद्या कोण येणार?"

"जिला ताप नसेल ती."

मुख्य बाई हसू दाबून पुढे गेल्या. दिवे वेळच्या वेळी विझत होते, त्यांना तेवढे पुरे होते. रांगेतल्या बाकीच्याही समजल्या आणि गप्प राहिल्या.

ताप गेला, व्यवस्था मात्र राहिली. आज एक बोर्डावर, तर दुसरी घरातल्या पोरांच्या मागे, उद्या उलट. कोट एकच, त्याच्या बाह्यांना दोघींच्या कोपरांची ठिगळे. घरी बोलताना दोघी एकमेकींच्या शब्दावर शब्द टाकत, त्यामुळे फोनवरचा आवाजही एकच होऊन गेला. अशी सारी नोकरी पार पडली आणि थोरल्या बाई सन्मानाने निवृत्त झाल्या. कागदावर अर्थातच एकट्या.

पुढे शहराच्या वस्तुसंग्रहालयाने एक प्रदर्शन मांडायचे ठरवले. हे शहर ज्यांनी चालते ठेवले आणि ज्यांची कोणी दखल घेतली नाही, अशा बायकांचे. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या, पाण्याच्या टाकीची राखण करणाऱ्या आणि या ऑपरेटर. मांडणीचे काम पाहणारी एक उत्साही मुलगी घरी आली. तिने एक मोठे छायाचित्र आणले होते. बोर्डासमोर बसलेल्या बायकांची रांग, सगळ्या पाठमोऱ्या. त्यांतल्या एका पाठीखाली थोरल्या बाईंचे नाव लिहिले होते.

थोरल्या बाईंनी चष्मा लावला. त्या पाठीच्या धनिणीने एका पायातली चप्पल काढून टाच खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवली होती. या घरात असे बसणारे एकच माणूस होते आणि ते त्या क्षणी स्वयंपाकघरात, थोरल्या बाईंनी वाकडे ठेवलेले झाकण सरळ करत होते.

मुलगी गेल्यावर थोरल्या बाई आत गेल्या. "अगं, फोटोतली ती तू आहेस."

"असेन. नाव तुमचं आहे, ते बरोबर आहे."

"बरोबर कसं? विसरलेल्या बायकांचं प्रदर्शन, आणि त्यातही एकीला पुन्हा विसरायचं?"

"ताई, एकीच्या नावावर दुसरीच कामाला, हे लोकांना कळलं तर काय म्हणतील? जन्मभर मिळवलेल्या नावाला म्हातारपणी बट्टा लागेल. माझी शपथ आहे. तुमच्या तोंडून एक शब्द जरी गेला, तर मी तुमच्याशी बोलणं टाकीन."

"तू गप्प बसणार? ही धमकी म्हणायची की आमिष?"

"हसण्यावारी नेऊ नका. शपथ घ्या."

थोरल्या बाईंनी शपथ घेतली. त्या शब्दाच्या पक्क्या होत्या. परंतु ती टाच काही त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. जिच्या जिवावर खुर्ची टिकली, ती त्या खुर्चीवर बसलेली दिसत असूनही तिचे नाव तिथे नसणार, हे त्यांना गिळवेना.

उद्घाटनाला जुना बोर्ड दुरुस्त करून ठेवणार आहेत, तो चालवून दाखवाल का, असे विचारायला मुलगी पुन्हा आली, तेव्हा त्या लगेच हो म्हणाल्या. "फक्त माझ्या जावेला पहिल्या रांगेत बसवा. बिचारीला लांबचं दिसत नाही."

ही शुद्ध थाप होती. समोरच्या गच्चीत वाळणाऱ्या सदऱ्याचे तुटलेले बटण धाकट्या बाईंना खिडकीतून दिसत असे.

उद्घाटनाला दालन भरले. मागच्या भिंतीवर ते छायाचित्र होते. थोरल्या बाई बोर्डासमोर बसल्या, त्यांनी हेडफोन चढवला. दिवा लागला. त्यांनी मोठ्या डौलाने पुढची दोरी उचलली आणि भोकात घातली.

"अहो, मागची!" पहिल्या रांगेतून दबका आवाज आला.

थोरल्या बाईंना जणू ऐकूच गेले नाही. दुसरा दिवा लागला. पुन्हा पुढची.

"मागची, मागची! पुढच्या सगळ्या घालून बसलात, आता जोडणार कशानं?"

तिसऱ्या दिव्याला थोरल्या बाईंनी दोरी हातात घेतली, ती उलटसुलट करून पाहिली आणि मांडीवर ठेवून दिली.

"उठा! सरका बघू! सारा बोर्ड तुंबवून ठेवलाय!"

थोरल्या बाई निमूट उठल्या. धाकट्या बाई खुर्चीत बसल्या, हेडफोन खेचून घेतला, चुकलेल्या दोऱ्या सटासट उपटल्या. एक चप्पल पायातून गळून पडली. टाच दांडीवर गेली. "नंबर सांगा."

मुलीने त्या टाचेकडे पाहिले, मग भिंतीकडे, मग पुन्हा टाचेकडे. लोकही भिंतीवरच्या छायाचित्राकडे पाहू लागले. धाकट्या बाईंचा हात वरच्या वर थांबला.

"शपथ मोडलीत ना?" त्या पुटपुटल्या.

"एक शब्द बोलले असेन तर विचार सगळ्यांना."

मुलगी पुढे आली. तिने छायाचित्राखालची नावाची पट्टी काढून हातात घेतली होती. "आजी, इथं दोन नावं लिहायची होती तर," ती म्हणाली, आणि हसू तिच्या डोळ्यांत मावत नव्हते. "सांगा ना."

धाकट्या बाईंनी लोकांकडे पाहिले. कोणाच्याही चेहऱ्यावर बट्टा लावण्याचा विचार दिसत नव्हता. एक वृद्ध गृहस्थ तर उभे राहून टाळ्या वाजवू लागले होते. धाकट्या बाईंनी पदराने नाक पुसले.

"ताईंचं आधी लिहा," त्या म्हणाल्या. "आणि जरा बाजूला व्हा, दिवा लागलाय."

मागची दोरी, नंबर, पुढची दोरी. दिवा विझला. थोरल्या बाई खुर्चीमागे उभ्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांनी हिला काम करताना एकदाही पाहिले नव्हते. ही इथे असे, तेव्हा त्या घरी कोणाची तरी शेंबडी नाके पुसत असत. हात किती भरभर चालत होते!

"जरा सावकाश गं," त्यांच्या तोंडून गेले.

"कामाच्या वेळी मागून बोलू नये," धाकट्या बाई मान न वळवता म्हणाल्या.