नात्याचा रकाना

घरगुती हिंसाचाराचा कायदा नवा होता तेव्हाची गोष्ट. माझी कायद्याची परीक्षा झाली होती, सनद यायची होती, आणि मी हिंगोलीला एका वकीलबाईंच्या कचेरीत अर्ज भरायला बसत होते. बाई मोफत कायदे मदतीच्या केसेस घ्यायच्या. माझी सगळी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी लिहिता-वाचता येत होतं, पण बोलायची वेळ आली की मी गप्प बसून समोरच्याच्या हातांकडे बघायचे.

साखऱ्याकडची ती बाई आली तेव्हा तिच्या कडेवर काही महिन्यांचा मुलगा होता आणि पदराला धरून चार वर्षांची मुलगी. सासर हट्ट्याकडचं. नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलं होतं, आणि आता मुलगा उचलून नेणार असे निरोप पाठवत होता. तिला बाकी काही नको होतं. दोन्ही लेकरं आपल्याजवळ राहावीत, एवढंच. सोबत तिच्याच वयाची एक बाई होती. आमच्या वहीत ‘सोबत आलेली व्यक्ती’ आणि त्यापुढे ‘नाते’ असे रकाने होते. सोबतची म्हणाली, भावजय. मी लिहिलं.

दुसऱ्या खेपेला मला खटकलं. दोघी एकमेकींना ‘वैनी’ म्हणत होत्या. भावाची बायको वहिनी, हे मला कळत होतं. पण मग तिनंही हिला वैनी का म्हणावं? आमच्या शाळेत सगळ्याच आंटी, त्यामुळे नाती मी बोटांवर मोजून लावते. मोजली, तरी बसेनात. तेवढ्यात मुलगी बिस्किटाचा पुडा घेऊन त्या बाईकडे गेली आणि म्हणाली, “आत्या, फोड ना.”

आईनं दटावलं, “मामी म्हन.”

आत्या म्हणजे बापाची बहीण, एवढं मलाही येत होतं. म्हणजे वहीत भावजय म्हणून लिहिलेली बाई नवऱ्याकडची होती. त्या गेल्यावर वकीलबाईंना सांगितलं, तर त्या हसल्या.

“अगं, साटंलोटं असेल. या घरची मुलगी त्या घरात, त्या घरची या घरात. नवऱ्याची बहीण हिच्या भावाला दिलेली. नणंदही तीच, भावजयही तीच.”

खोटं कोणी बोललं नव्हतं. पण माझा संशय वाढलाच. अशा घरांत एकीला हाकललं की दुसरीलाही परत पाठवतात, हे बाईंनीच पुढे सांगितलं. मग ही बाई दर वेळी जीपचे धक्के खात येते कशाला? केस उभी राहिली तर तिचा सख्खा भाऊ कोर्टात आणि तिचं स्वतःचं नांदणं धोक्यात. केस मोडली तर तिचं काहीच जात नव्हतं.

मी तिच्यावर नजर ठेवू लागले. काहीही विचारलं की लेकरांची आई आधी तिच्याकडे बघायची, मग उत्तर द्यायची. मारहाणीचा विषय निघाला की ही सोबतची खिडकीबाहेर बघत बसायची. नोटीस कधी जाईल, कोण घेऊन जाईल, हे मात्र न चुकता विचारायची. आणि माझ्या टिपणांच्या वहीत वाकून बघायची. मी टिपणं इंग्रजीत काढायचे. तेवढं तरी माझं सुरक्षित, असं मला वाटायचं.

पुढची खेप वकीलबाईंनी बुधवारची दिली होती. आई मुलीला चपला घालत होती, तेव्हा जिन्यात मी त्या बाईला एकटीला गाठलं आणि हळूच मंगळवार सांगितला. मंगळवारी कचेरीसमोर नवरा नाहीतर सासरा उभा दिसला, की बातमी कोण पोचवतं ते कळणार होतं. मला ते फार हुशारीचं वाटलं.

मंगळवारी बाई कोर्टात होत्या. मी खिडकीशी उभी राहिले. खाली झेरॉक्सच्या दुकानासमोर दोन जीपवाले एका म्हातारीवरून भांडत होते, तिचं गाठोडं एकाच्या टपावर आणि ती दुसऱ्याच्या सीटवर. मग सेनगावची जीप लागली आणि त्यातून ती सोबतची बाई उतरली. एकटीच. मी तरीही तिच्या मागचा रस्ता बघत राहिले.

वर येऊन ती आधी पाणी प्यायली.

“बरं केलं तुमी मला एकटीला बोलावलं.”

मी खिडकी सोडून खुर्चीवर येऊन बसले.

“वकीलबाईनं बुधवार सांगितला व्हता. तुमी हळूच मंगळवार म्हनला. मी समजले. वैनीपुढं मला बोलता येत न्हाई.”

मग ती बोलली. मागच्या पंचमीला ती माहेरी गेली होती. लेकरू अंगावर पीत असताना भावानं वहिनीला केसाला धरून ओसरीवरून खाली ओढलं, ते तिनं पाहिलं. आई-बाप तिथेच बसले होते. तीही बसून राहिली.

मी वही ओढली. “लिहून घेऊ?”

“लिवा. पन इंग्रजीत नगा लिवू. तुमी कोनाकडून हाव तेच मला उमगंना. वैनीला म्हनलं व्हतं, या पोरीपुढं जपून बोल.”

लेकरांची आई उत्तर देण्याआधी हिच्याकडे का बघायची, ते मला तेव्हा कळलं.

मी मराठीत लिहिलं, सावकाश. तिनं दोनदा वाचून घेतलं, ओळीखाली स्वतःचं बोट फिरवत. शेवटी ‘अर्जदाराशी नाते’ राहिलं. भावजय लिहिलं तर माहेरी जरा कमी बोभाटा होईल, असं मी सुचवलं. खोटंही नव्हतं.

“भावजयीचं कोन ऐकंल? ती त्येंच्याच घरची. ननंद लिवा. सख्खी म्हनून लिवा.”

“माहेर तुटेल तुमचं.”

“तुटंल,” ती म्हणाली, आणि पेनासाठी हात पुढे केला.

तरी तारखेच्या दिवसापर्यंत ती येईल यावर माझा विश्वास नव्हता. ती आली. आवारात तिची आई तिच्या समोरून गेली आणि थांबली नाही. मुलगी मात्र “आत्या” म्हणत धावली, आणि या वेळी तिला कोणी दटावलं नाही.

निकाल लागेपर्यंत दोन्ही मुलं आईजवळ राहावीत, बापानं त्यांना नेऊ नये, असा आदेश झाला. आईनं मुलाला इतकं घट्ट धरलं की तो रडायला लागला.

बाहेर आल्यावर ती बाई वकीलबाईंना म्हणाली, “या मॅडमनं मला मुद्दाम एकटीला बोलावून घेतलं, म्हनून झालं.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली, आणि पुढची तारीख लिहायला वही उघडली.