तांदळातलं नाव

वाशीला व्हिसाची कामं करणारे एक वकील होते. कागद हातात घेतला की आधी त्यालाच विचारायचे, "बोला साहेब, काय म्हणता?" मला हसू यायचं, पण मी पदर तोंडाला लावून गप्प बसायचे.

माझे जावई अमेरिकेत होते. मुलीचा व्हिसा एकदा नाकारला होता. पासपोर्टवर माहेरचं नाव सुनंदा, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं मेघना. दोन्ही एकच बाई कशावरून, असं व्हिसा कचेरीतल्या अधिकाऱ्यानं विचारलं होतं.

वकील दाखल्याकडेच बघत बसले होते. शेवटी मीच घाबरत बोलले, "लग्नात जावयांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहिलं. त्याचा फोटो आहे."

दुसऱ्या दिवशी अल्बम नेला. त्यांनी भिंग लावलं. तांदळात मेघना, आणि ताटावर वाकलेली माझी लेक. ते खुर्चीवरून उठलेच. "आई, वकील तुम्ही की मी?"

फोटो जोडून अर्ज पुन्हा गेला. महिन्याभरानं त्यांनी पासपोर्ट माझ्यासमोर उघडला. आत व्हिसा होता.

"बोला साहेब, काय म्हणता?"

पासपोर्टच्या वतीनं मीच उत्तर दिलं, "जा म्हणतोय!"

बाहेर बाकावर बसलेली माणसंसुद्धा हसली. मी पदर तोंडाला लावलाच नाही.