कालचा भाव

मंडईच्या मोठ्या दारातून आत शिरलं की डाव्या हाताला भिंतीवर एक काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी साडेसहाला भाव लिहायचे, हे मास्तरांचं काम. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. त्यांनी आयुष्यात कुणाला बे एके बे शिकवलेलं नाही. हातात कायम खडू आणि सदऱ्याच्या खिशाला कायम पांढरा डाग, एवढ्या भांडवलावर लोकांनी त्यांना ही पदवी देऊन टाकली. पदवीचा पगार द्यावा लागत नसल्यामुळे मंडईच्या कचेरीनेही हरकत घेतली नाही.

फळ्याला दोन रकाने. वर दोन खिळ्यांना टांगलेल्या पत्र्याच्या दोन पाट्या, एक 'आज' आणि एक 'काल'. मास्तर फळा पुरता कधीच पुसत नसत. सकाळी आले की परवाचा झालेला रकाना तेवढा पुसायचा, तिथे आजचे भाव लिहायचे आणि वरच्या पाट्यांची अदलाबदल करायची. कालचे आकडे आपोआप कालचे होत. श्रम निम्मे, खडूही निम्मा. एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे, असा त्यांचा हात एकतीस वर्षं चालत आला होता.

त्यांना स्वतःला 'काल'ची पाटी लागत नसे. "मास्तर, माझ्या धाकटीच्या लग्नात तेल काय भाव होतं हो?" असं कुणी विचारलं की मास्तर डोळे मिटत आणि दुसऱ्या क्षणी आकडा सांगत. व्यापारी जुन्या पावत्या काढून त्यांची परीक्षा घेत, चहाची पैज लावत आणि चहा पाजून परत जात. या एका गोष्टीचा मास्तरांना अभिमान होता, आणि का नसावा? गरिबाकडे मिरवण्यासारखं दुसरं काय असतं? बायको मात्र म्हणायची, "माझा वाढदिवस एकदाही लक्षात राहिला नाही. बटाटे बरे लक्षात राहतात!"

मुलगा बुटांच्या कारखान्यात होता. पुढे जहाजं भरभरून बाहेरचे बूट यायला लागले, निम्म्या किमतीत विकायला लागले आणि कारखान्याला कुलूप लागलं. त्याच आठवड्यात मास्तरांनी स्वस्त पडतात म्हणून ते बाहेरचेच बूट घेतले होते. मुलाने ते दाराशी पाहिले. तो तसाच बाहेर निघून गेला. मास्तरांनी ते बूट पुन्हा घातले नाहीत, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मग भाऊ आले. भाऊ कुणाचेच सख्खे नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते. बंद कारखान्यासमोर ट्रकवर उभे राहून त्यांनी गर्जना केली, "बाहेरच्या मालाला दार बंद! शंभर दिवसांत भाव निम्मे!" बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणतात, भाऊंच्या तर बियासुद्धा विकल्या गेल्या. मुलाने त्यांना खांद्यावर घेतलं. त्याला नावं ठेवायला तोंड उचकटायचं नाही, कारण कारखाना बंद पडल्यापासून त्याच्याशी माणसासारखं बोलणारा तो पहिलाच पुढारी होता. भाऊ निवडून आले आणि मुलाला त्यांच्या तक्रार-कचेरीत नोकरी लागली. कंत्राटी का होईना, घरात पगार यायला लागला.

बाहेरच्या मालाला दार खरंच बंद झालं. पण तेल येत होतं तेही त्याच दारातून, हे कुणी ध्यानात घेतलं नव्हतं. भाव चढायला लागले. नव्व्याण्णवाव्या दिवशी मंडईचे अधिकारी स्वतः फळ्याशी आले. "वरून हुकूम आहे. यापुढे फक्त आजचे भाव लिहायचे. तुलनेमुळे लोकांत गैरसमज पसरतात." 'काल'ची पाटी त्यांनी खिळ्यावरून काढून काखेत मारली. "काम कमी, पगार तोच. आणखी काय पाहिजे, मास्तर?"

समोरच्या गाळ्यात शिवणकाम करणारी म्हातारी मशिनवरून ओरडली, "कोंबडं झाकून ठेवलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का हो?"

"आपण हुकमाचे ताबेदार, आजी," मास्तर म्हणाले. आणि त्यांच्या मनात हुकूम पाळायचाच होता. एकतीस वर्षांत त्यांनी एकही हुकूम मोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उजवा रकाना पुसला, उजवीकडे आजचे भाव लिहिले, वर 'आज'ची पाटी अडकवली आणि चहाला गेले. डावा रकाना पुसायचा राहिला. राहिला कसला, हाताला ते ठाऊकच नव्हतं! डावीकडे तेल एकशे चाळीस, उजवीकडे एकशे अडुसष्ट. दिवस शंभरावा. कुणीतरी फोटो काढला आणि दुपारपर्यंत तो घरोघरी पोचला.

मग काय विचारता! भाऊंचे विरोधक म्हणाले, धाडसी मास्तर, निर्भीड मास्तर. भाऊंची माणसं म्हणाली, बाहेरच्या व्यापाऱ्यांचा हस्तक. टीव्हीवर सात जण बोलण्याच्या स्वातंत्र्याबद्दल एकदम बोलले, त्यामुळे एकाचंही ऐकू आलं नाही. मास्तर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "अहो, मी पुसायला विसरलो!" ते कुणालाच नको होतं. दोन्हीकडची माणसं हिरमुसून परत गेली. खोटं कशाला बोला, त्या संध्याकाळी मास्तरांना थोडं बरंही वाटलं. आपण विसरून का होईना, खरं तेच लिहिलं होतं, असं ते बायकोला दोनदा म्हणाले.

चौथ्या दिवशी कचेरीतून बोलावणं आलं. टेबलाशी अधिकारी होते आणि शेजारच्या खुर्चीत मुलगा. अधिकाऱ्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. 'माझी स्मरणशक्ती क्षीण झाली असून आकडे माझ्या लक्षात राहत नाहीत. डाव्या रकान्यातील भाव माझ्याकडून चुकीचे लिहिले गेले.'

"पण ते बरोबर होते," मास्तर म्हणाले. "एकशे चाळीस. पाहिजे तर पावत्या काढा."

"सही केलीत तर पेन्शन बुडणार नाही," अधिकारी कंटाळलेल्या आवाजात म्हणाले. "यांची नोकरीही राहील."

मुलगा जमिनीकडे पाहत होता. "बाबा, करून टाका. त्यांनी मला विचारलं होतं, वडील घरी कसे असतात. मी सांगितलं, हल्ली विसरतात."

"काय विसरतो मी?"

मुलाने टेबलावरचा कागद सरळ केला. मग हळूच म्हणाला, "आईचा वाढदिवस."

मास्तरांना हसू आलं, आणि त्या हसण्याचीच त्यांना भीती वाटली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, ओरडायचं कुणावर? त्यांना दाराशी ठेवलेले ते स्वस्त बूट आठवले. त्यांनी पेन घेतलं आणि सही केली.

फळ्याच्या जागी आता छापील बोर्ड लागला, त्यावर एकच रकाना. मास्तरांना दाराशी स्टूल दिलं. लोक सवयीने येत आणि विचारत. "मास्तर, गेल्या महिन्यात कांदे काय भाव होते?" मास्तर म्हणत, "आठवत नाही." सुरुवातीला हे खोटं होतं. आकडा जिभेवर येई आणि ते तो थुंकीबरोबर गिळत. शिवणकाम करणारी म्हातारी एकदा अगदी जवळ आली. "मला तरी कानात सांगा हो. माझी मजुरी तीच आहे, मग तेलाची बाटली अर्धीच का येते, एवढंच मला कळायला हवंय."

"खरंच आठवत नाही, आजी."

म्हातारी त्यांच्याकडे पाहत राहिली आणि आपली अर्धी बाटली घेऊन गेली. त्यानंतर तिने काही विचारलं नाही. हळूहळू कुणीच विचारेना.

सात महिन्यांनी भाऊंची तक्रार-कचेरी बंद झाली. तक्रारीच उरल्या नाहीत, असं कारण देण्यात आलं. मुलगा भर दुपारी घरी आला. वाटेत घेतलेली तेलाची पिशवी त्याने टेबलावर ठेवली आणि तिच्यावरची किंमत वाचत बसला. मास्तरांची बायको चहा घेऊन दारात आली होती.

"बाबा," मुलगा म्हणाला, "भाऊ यायच्या आधी तेल काय भाव होतं हो?"

मास्तरांनी पूर्वीसारखे डोळे मिटले. मिटूनच राहिले. कपाळाला आठ्या पडल्या, बोटं हवेत खडू धरल्यासारखी हलली.

"आठवत नाही," ते म्हणाले.

"बाबा, इथे कुणी नाही. आता सांगा ना."

"खरंच नाही रे आठवत."

मुलाने मान खाली घातली. बाबांनी अजून आपल्याला माफ केलं नाही, असं त्याला वाटलं. बायकोने मात्र नवऱ्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, आणि हातातला कप तिने तिथेच, दारातल्या फरशीवर ठेवला.