ठकूआतेच्या कानातली शिवी

सुहास पास्टरांनी जानू ढेबेला पाहिलं नंतर, ऐकलं पाऊण मैल आधी. उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरावर धनगरवाडी आहे. तिच्या वाटेला पास्टरांची स्कूटर लागली आणि एका वळणावर त्यांनी हॉर्न वाजवला. त्या हॉर्ननं जानूची गाभण म्हैस बिचकली. मग वरून जो आवाज आला, त्यानं म्हणे सागाची पानं गळाली, दोन वानरं फांदीवरून हात सुटून खाली आली आणि पोलादपुरात एका हॉटेलातलं उकळतं दूध नासलं. सुरुवात पास्टरांच्या आजोबांपासून झाली. आजोबा पुण्याचे पोस्टमास्तर, उभ्या जन्मात कुणाला अरेतुरे न केलेले. जानूनं त्यांचा संबंध बोक्याशी लावला, बोक्याचा गटाराशी, आणि एकही शब्द दुसऱ्यांदा न वापरता तो स्कूटरपर्यंत उतरला. स्कूटर आपण होऊन बंद पडली.

पास्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "देव तुमचं भलं करो. जानू ढेबे कुठे राहतात?"

शिवीला शिवी, फार तर दगड, एवढाच रिवाज जानूला ठाऊक होता. आशीर्वाद कुठून झेलायचा हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो आ वासून उभा राहिला आणि वाडीच्या माहितीत पहिल्यांदाच त्याच्या तोंडातून काही बाहेर पडेना.

"मीच जानू," तो शेवटी पुटपुटला.

"अमितानं पाठवलंय मला," पास्टर म्हणाले, आणि जानू मटकन वाटेवरच बसला.

अमिता म्हणजे जानूची एकुलती लेक. बायको बयाबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. अमितानं महाडच्या राजूशी स्वतःच्या मर्जीनं लग्न केलं होतं. राजू ख्रिस्ती. वीर स्टेशनला रिक्षा चालवतो आणि शिवी देत नाही. हे दोन्ही एकाच माणसाला जमतं यावर स्टेशनातल्या बाकीच्या रिक्षावाल्यांचा अजून विश्वास नाही. लग्नानंतर अमिताही त्यांच्या प्रार्थनासभेला जाऊ लागली. जानूला त्याचं काही नव्हतं. त्याला त्या घरातलं एकच माणूस हवं होतं, चार वर्षांची नात, प्रियदर्शिनी. दर रविवारी तो दुधाची किटली घेऊन एसटीनं महाडला जायचा आणि दिवसभर नातीला पाठीवर घेऊन घरभर रेडा व्हायचा.

मग एका रविवारी मुलांच्या प्रार्थनावर्गात बाईंनी विचारलं, आपल्याला दूध कोण देतं? सगळी पोरं म्हणाली, देव देतो. प्रियदर्शिनी उठून म्हणाली, "देव नाय, म्हस देते. आनी लाथ मारलान तर तिला म्हनायचं..." आणि पुढचं जे आजोबा म्हणतात ते तिनं खणखणीत म्हणून दाखवलं. हावभावांसकट.

तेव्हापासून जानूला घर बंद. अमिता जाळीच्या दारातून हात काढायची, किटली आत घ्यायची, रिकामी करून धुऊन परत द्यायची. दूध आत जाई, जानू बाहेर राही. आतून नात "आबा, आबा" करायची आणि टीव्हीचा आवाज मोठा व्हायचा.

"अमिता म्हणते," पास्टर वाटेवरच्या दगडावर टेकत म्हणाले, "तुम्ही सभेत आलात, तोंड आवरलंत, तर घर उघडं आहे. ईस्टरला सव गावाच्या पुढे नदीवर बाप्तिस्मा देणार आहोत. तोवर एकही शिवी नाही."

"पन शिवीनं देवाचं काय जातंय?" जानूनं प्रामाणिकपणे विचारलं.

"ज्या फडताळात देव ठेवायचा, त्यात शेण ठेवतात का?"

"आमच्यात ठेवतात," जानू म्हणाला. पास्टरांनी पुन्हा चष्मा पुसला.

पण जानूनं शिवी सोडली. खरोखर सोडली. पहिली पंचाईत म्हशींची झाली. "चला बाई, उशीर होतोय," असं तो म्हणाला की त्या मागे वळून बघत, हा कोण पाहुणा? दुसरी पंचाईत वाडीची. वाडीत करमणूक म्हणून तोवर जानूच होता. एवढं मोठं धरण बांधलंय म्हटल्यावर ते फोडून बघायची हौस कुणाला नसते? कुणी त्याच्या ताकाच्या मडक्यात राख घातली, कुणी म्हशींचे कान निळीनं रंगवले. मुंबईहून सुट्टीला आलेल्या यशराजनं त्याच्या घोंगडीत खाजकुयली पेरली. जानू सगळं अंगण नाचत फिरला, गोठ्याच्या कुडाला पाठ घासली, शेणाच्या उकिरड्यात लोळला, आणि डोळ्यांतून पाणी गळत असताना दात चावून ओरडला, "प्रभूची स्तुती असो!" वाडी पोट धरून हसली. यशराज म्हणाला, "काका, वन्स मोअर!"

हेही निभलं असतं. आडवा आला तो शिमगा.

वाडीचा रिवाज असा की होळी पेटली की ढेबे घराण्यातल्या माणसानं होळीसमोर उभं राहायचं आणि एकेका घरातल्या कर्त्याचं नाव घेऊन त्याला सणसणीत शिवी घालायची. ज्याला शिवी बसली, त्याची वर्षाची पीडा होळीत जळाली. ज्याला बसली नाही, तो त्या वर्षी खपणार. पहिला मान वाडीतल्या सगळ्यांत थोराचा, म्हणजे ठकूआतेचा. वयाचा तिला पत्ता नव्हता, पण दर शिमग्याला ती नवं लुगडं नेसून, हात जोडून पुढे यायची आणि जानूची शिवी प्रसादासारखी घ्यायची. मागच्याच वर्षी यशराजनं तो सगळा सोहळा मोबाईलवर भरून घेऊन मुंबईला मित्रांना ऐकवला होता.

या वर्षी होळी पेटली, ढोल थांबले, ठकूआते पुढे आली. जानू मान खाली घालून उभा.

"दे रे," म्हातारी म्हणाली.

"आते, मी सोडलंय."

"काय सोडलंस?"

"शिव्या."

"मग मी मरू काय रे?"

लोकांनी आधी हसून पाहिलं, मग जानूच्या आईबापाचं काढून पाहिलं. शेवटी यशराजनं मेलेल्या बयाबाईचं नाव घेतलं आणि तिच्याबद्दल जे बोलू नये ते बोलला. जानूनं हातातला नारळ एवढ्या जोरात आवळला की मनगटाच्या शिरा उभ्या राहिल्या. त्याला जाळीचं दार दिसत होतं, आणि दारामागून येणारी हाक ऐकू येत होती. त्यानं नारळ होळीत टाकला आणि तो घरी गेला. ठकूआते नव्या लुगड्यात तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिनं अंथरूण धरलं. जेवण नाही, चहा नाही, भिंतीकडे तोंड. सून जानूच्या दारात येऊन म्हणाली, "तुमचा देव मोठा हाय, मान्य. पन म्हातारीचं मढं तुमच्या दारात आनून ठेवीन."

जानू गेला. खाटेशी उकिडवा बसला. म्हातारीचा हात चिमणीच्या पायासारखा झाला होता. याच हातानं तिनं आई गेल्यावर त्याला भाकरी भरवली होती. तिनं डोळे न उघडता विचारलं, "जान्या, तुझ्या नव्या देवाला मी नको झालेय काय रे?"

जानूनं इकडेतिकडे पाहिलं. मग म्हातारीच्या कानाला तोंड लावलं आणि अगदी हळू, लहान मुलाला झोपवताना बोलतात तशा आवाजात, एक शिवी दिली. पूर्ण दिली, हातचं राखून नाही. म्हातारीच्या गालावर रंग आला. ती उठून बसली, म्हणाली, "मेल्या, मागच्या खेपेला याहून बरी होती," आणि सुनेकडे चहा मागितला.

ईस्टरच्या सकाळी नदीकाठी सगळे पांढऱ्या कपड्यांत जमले. जानूही पांढऱ्यात. अमितानं स्वतः शिवून आणलेला सदरा होता तो. प्रियदर्शिनी तिच्या कडेवरून हात हलवत होती. पास्टर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून प्रत्येकाला विचारत होते, मनात काही राहिलंय का? सगळे म्हणत होते, नाही. पांढऱ्या कपड्यांत उभं राहून एवढी थाप ज्याला त्याला जमते. जानूला जमली नाही.

"एक हाय," तो म्हणाला. "ठकूआतेला दिली. कानात. ती मरत व्हती."

पास्टर गडबडले. "प्रेमानं दिली असेल, तर..." ते काठाकडे बघत म्हणाले.

"पास्टर," काठावरून राजू शांतपणे म्हणाला, "नियम सगळ्यांना एकच असावा. मामांनी शब्द मोडलाय."

मग अमिता पुढे आली. तिचा आवाज इतका गोड होता की नदीतही साखर विरघळली असती. "बाबा, आमच्या मनात तुमच्याबद्दल काही नाही. तुम्ही असेच आहात, हे आम्ही मान्य केलंय. आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करू. पण प्रिया मोठी होतेय. तिला तुमच्यासारखं व्हायचं नाहीये."

जानूनं आयुष्यभर शिव्या दिल्या होत्या आणि खाल्ल्याही होत्या. कुठली कातडीला लागते आणि कुठली हाडाला, हे त्याला चाखून माहीत होतं. इतकी स्वच्छ त्यानं कधी खाल्ली नव्हती. एकही घाण शब्द नाही, आणि आत मुठीपर्यंत गेली. सबंध डोंगर उतरून अंगावर येणाऱ्या शिव्यांपुढे न हललेले सुहास पास्टर या आवाजापुढे पाण्यात दोन पावलं मागे सरले. "पुढच्या ईस्टरला बघू," ते म्हणाले.

जानू ओल्या धोतरानं पाण्याबाहेर आला. अमितानं सदरा परत मागितला नाही, एवढं मात्र खरं.

पुढच्या ईस्टरच्या आशेवर त्यानं शिवी सोडलेलीच ठेवली. म्हशी त्याचं ऐकेनाशा झाल्या, तरी त्या खड्ड्यात बसल्या की तो त्यांना हात जोडायचा. रविवारी किटली आत जायची, रिकामी बाहेर यायची. पावसाळ्यात गोठ्यातल्या चिखलात उभं राहून त्याला लेप्टोचा ताप आला, आणि महाडच्या दवाखान्यात न्यायला उशीर झाला. अमिता आता डेअरीचं दूध घेते.

होळीपुढे हल्ली यशराज मोबाईल स्पीकरला जोडतो आणि जानूची जुनी शिवी लावतो. ठकूआते पहिल्या नंबरला उभी असते. तिची तब्येत उत्तम आहे.