तेरा महिने उशिराचं मुंडण

डॉक्टरांनी चार कामं सांगितली होती. रक्त तपासून आणा, छातीचा फोटो काढा, डोकं पूर्ण भादरून या आणि सोबत घरचं एक माणूस आणा. पहिली तीन एकट्याने होण्यासारखी होती. ती मी सावकाश उरकत होतो, म्हणजे चौथ्याकडे बघावं लागत नव्हतं.

ऑपरेशनही चौथंच होतं. त्वचेचा कर्करोग आमच्या भागात फारसा कोणाला होत नाही. मला होतो, आणि पुन्हा पुन्हा होतो. मी लहानपणापासून भुरा. या रंगाचं आमच्या घराण्यात फार कौतुक. सासरे मला बघायला आले तेव्हा जमीन किती, पाणी किती हे विचारायचं विसरले आणि मुलगा गोरा आहे एवढ्यावर होकार देऊन गेले. त्या गोरेपणाला मी तीस वर्षं भाजीच्या वाफ्यात ऊन खाऊ घातलं. आधी नाकावर मोहरीएवढं काहीतरी आलं. बरं होईना, मधूनच रक्त यायचं. मी वर्षभर त्याला हळद लावली, यावरून माझ्या हुशारीचा अंदाज यावा. नाकानंतर कानाच्या वर, मग कानाची पाळी. आता टाळू. डॉक्टर म्हणाले, हे लवकर जीव घेणारं दुखणं नाही, पण चिवट आहे. या वेळी सोडून दिलंत तर हाडात उतरेल. मांडीची कातडी काढून डोक्याला लावणार होते.

पहिल्या दोन वेळा बायको सोबत होती. तिथल्या बाकावर बसून ती शेजारच्या बायांना माझ्या नाकाची हकीकत सांगायची, आणि मी पट्टी बांधून बाहेर येईपर्यंत निम्म्या दवाखान्याला मी कोणत्या वाफ्यात काय लावलंय हे ठाऊक झालेलं असायचं. दुसऱ्या ऑपरेशनला अकरा दिवस झाले होते. मेथी खुडता खुडता ती वाफ्यातच बसली आणि उठली नाही. आजारी मी होतो. गेली ती.

आम्हाला मूल नाही. अग्नी मी दिला, केसही मीच द्यायचे होते. पण कानावर टाके होते. भावकीतले म्हातारे म्हणाले, राहू द्या, त्याच्या डोक्याला वस्तरा नको. तेरा दिवस लांबच्या गावाहून आलेले पुतणे चकचकीत डोक्याने बसले आणि मी, जिचा नवरा तो मी, केस राखून. बायकोची मोठी बहीण, जिला आमच्याकडे आकडसासू म्हणतात, संग्रामपूरकडून आली होती. तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि काही बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे विजेच्या खांबाचं न बोलणं. हात लावून बघायची कोणाची हिंमत नव्हती. त्यानंतर तिचा फोन आला नाही.

तिसऱ्या ऑपरेशनला मी एकटा गेलो. सोबत कोण, असं सिस्टरने विचारलं तेव्हा मी बाकावर बसलेल्या एका जालन्याच्या गृहस्थाकडे बोट दाखवलं. त्या भल्या माणसाने काही न विचारता भाऊ म्हणून सही केली. पण या वेळी पूर्ण भूल होती. घरचं माणूस नसेल तर भरतीच करणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. येतंय ना कोणी, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. मनात मात्र ठरून गेलं होतं की ऑपरेशनचा मंगळवार येईल आणि जाईल. भीती वाटत नव्हती, वाईटही वाटत नव्हतं. एखाद्या वाफ्याला पाणी द्यायचं राहून जातं, तसं.

डोकं भादरायला मी मुद्दाम लोणारला गेलो. आमच्या बीबी गावात सगळे ओळखीचे, प्रश्न विचारतील. तिथला कटिंगवाला पोरसवदा होता. "पूर्ण काढायचे?" मी मान हलवली. मग त्याने हळूच विचारलं, "कोन वारलं काका?" आणि वर्षभर या प्रश्नाला जे उत्तर दिलं तेच तोंडातून आलं. "बायको."

त्याने गाणं बंद केलं. पाणी लावून, अगदी जपून वस्तरा चालवला, टाळूवरच्या जखमेला वळसा घालून. मागे शेंडी ठेवली. मग रीतीप्रमाणे मिशीही काढली. मिशी जाताना मला बोलता आलं असतं. वरच्या ओठाला वारा लागला तेव्हा कळलं की आपण बोललेलो नाही.

बीबीच्या स्टँडवर उतरून घरापर्यंत चालत गेलो, तेवढं पुरलं. संध्याकाळी शेजारचे दोघं येऊन अंगणात बसले. मग आणखी चौघं. आमच्याकडे दुःखाच्या घरी कोणी विचारत नाही, नुसतं येऊन बसतं. त्यामुळे कोण गेलं हे बसणाऱ्यांपैकी कोणालाच माहीत नव्हतं, आणि दुसऱ्याला ते माहीत असणार याची प्रत्येकाला खात्री होती. मी चहा केला. दुःखाच्या घरचा चहा कोणी घेईना. तीन कप मीच प्यालो. सांगावं असं एकदा वाटलं, पण सगळे इतके नीट बसले होते की त्यांना उठवणं बरं दिसेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात आकडसासू. कोणीतरी तिला फोन केला होता. पहाटेची एसटी धरून, दोन गाड्या बदलून आली होती. हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी, कारण सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. तिने फडकं खाली ठेवलं, माझ्या डोक्यावरून, मग ओठावरून नजर फिरवली.

"कोन गेलं, जवाईबुवा?"

"कोणी नाही."

"कोनी नाई कसं? आमाले कळवलं नाई ते नाई. पन माह्या बहिनीसाठी केस नाई देल्ले तुमी. आता कोनासाठी देल्ले, तेवढं सांगा. मंग मी जातो."

मी तिला खाली वाकून टाळू दाखवली. दुसरं काही सुचलं नाही. मग सांगितलं. ते परत आलंय, मंगळवारी कापणार आहेत, सोबत माणूस लागतं, आणि मी जाणार नव्हतो. शेवटचं सांगायचं नव्हतं, पण एकदा तोंड उघडल्यावर तेही आलं.

ती बराच वेळ फडक्याच्या गाठीशी चाळा करत राहिली. मला वाटलं रडेल. मग मलाही रडावं लागेल, आणि ते मला येत नव्हतं.

"काऊन नाई जाऊन राह्यले?"

"सोबत कोणी नाही."

"मले फोन नाई लावता येत?"

"तुम्ही बोलत नव्हता."

"मी बोलत नव्हतो," ती म्हणाली, "आयकू तं येत होतं."

मग तिने फडकं सोडलं. माझ्या पुढ्यात भाकर आणि ठेचा ठेवला. बसायला आलेल्या लोकांना अंगणात जाऊन तिने स्वतः सांगितलं की कोणी मेलेलं नाही, घरी जा. एकाने विचारलं, मग मिशी का काढली? ती म्हणाली, त्याले अक्कल नाई म्हनून.

मंगळवारी सिस्टरने फॉर्म पुढे केला. नातं काय?

"मी या जवाईबुवाची आकडसासू."

सिस्टर कुठली बाहेरची असावी. तिला शब्द कळला नाही. दोनदा समजावून झाल्यावर ती म्हणाली, म्हणजे बायकोची बहीण. यांचं जवळचं कोणी नाही का?

"जवळची होती ते गेली," आकडसासू म्हणाली. "आता मी हाओ. कोठी करायची सई?"

तिने सही करायला फार वेळ लावला. स्वतःचं नाव, नवऱ्याचं, आडनाव, सगळं. अक्षरं चौकट ओलांडून तारखेच्या रकान्यात गेली. सिस्टरने तारीख शेजारी समासात लिहिली. मला स्ट्रेचरवर घेतलं. दार बंद होईपर्यंत आकडसासू बाजूने चालत होती, आणि कोणालातरी विचारत होती की शुद्धीवर आल्यावर याले भाकर चालते का.