मागून घेतलेली लाथ

मी एकदा माझ्या सुनेकडून भर सकाळी कमरेत लाथ मारून घेतली होती. तिनं रागानं मारली असती तर निदान भांडायला तोंड राहिलं असतं. मी मागून घेतली.

त्या दिवशी सोयाबीनचे कट्टे, म्हणजे भरलेली पोती, जवळा बाजार गावाला विकायला न्यायचे होते. टेम्पो दारात उभा आणि गडी आलेला नव्हता. नवी सून उंबऱ्यात उभी राहून बघत होती. तेव्हाची मी म्हणजे पन्नाशी उलटलेली आणि स्वतःला पैलवान समजणारी बाई. सासू काय चीज आहे ते हिला कळू दे, म्हणून मी एकटीनं कट्ट्याला हात घातला. कट्टा गुडघ्यापर्यंत आला आणि खाली पडला. मी मात्र तशीच वाकलेली राहिले, हरवलेली सुई शोधत असल्यासारखी.

"दवाखान्यात जाऊ," आमचे मालक म्हणाले.

"उसण भरली हाय, दवाखाना काहून? घरात पायाळू हाय की."

पायाकडून जन्मलेलं माणूस पायाळू. त्यानं कमरेत लाथ मारली की उसण पळते, असं आमच्याकडे लहानथोर सगळे मानतात. पोरगी बघायला गेलो तेव्हा ती पायाळू असल्याचं तिची आई बोलून गेली होती, आणि असल्या गोष्टी मी कधी विसरत नाही.

सून घाबरली. "आत्याबाई, तुमाला पाय कसा लावू?"

"जोरात लाव. मंग पाया पड, म्हंजे पाप न्हाई."

मी भिंतीला हात टेकून डोळे गच्च मिटले. पाठीमागं काहीतरी झालं आणि सून पाया पडली. तिला आशीर्वाद द्यायला सरळ व्हायला गेले, तो कमरेपासून डाव्या टाचेपर्यंत करंट गेला आणि मी आडवी झाले.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं, मणक्यातली गादी सरकलीय, शिरेवर दाब आहे. औषधं आणि आराम, ऑपरेशनचं नंतर बघू. पण पायातली ताकद गेली तर थांबायचं नाही, लगेच यायचं. तेव्हापासून सकाळी डोळे उघडायच्या आधी मी डाव्या पायाचा अंगठा हलवून बघायची. हलला की हायसं वाटायचं. रात्रीतून गेला तर, ही धास्ती दिवसभर.

माझी दुनिया म्हणजे वरचे पत्रे. शिंक येतेय असं वाटलं तरी देव आठवायचा. लुगडं नेसता येईना, म्हणून सुनेची फुलाफुलांची मॅक्सी घालून पडले. तिला ती घालायला मीच बंदी केली होती. कूस बदलायची तर सून, केस विंचरायचे तर सून. संडास-लघवीचं भांडंही तिच्याच हातात. मी पत्र्याकडे तोंड करायची आणि ती दाराकडे.

स्वयंपाकघरातून फोडणीचा आवाज आला की तेल जास्त पडलंय हे कळायचं, पण ओरडायलाही कंबर लागते, हे मला तेव्हा समजलं.

जीभ मात्र शाबूत होती. भेटायला येणाऱ्या बायांना मी सांगायची, "सुनेनं लाथ घातली न् कंबर गेली." कट्ट्याचं नाव नाही. बाया हळहळायच्या, सुनेकडे टकामका बघायच्या. ती सगळं ऐकत चहा आणून ठेवायची. बाया गेल्या की मला पुन्हा तिलाच हाक मारावी लागायची, "भांडं आण गं." ती आणायची. एक अक्षर बोलायची नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. न बोलणाऱ्या माणसाच्या हातात असं पडून राहण्यासारखी दुसरी शिक्षा नाही.

पुढं डॉक्टरांनी थोडं थोडं चालायला सांगितलं. सुनेनं कमरेला पट्टा आवळला. अंगणातल्या संडासापर्यंत मी भिंत धरून निघाले, ती मागून दोन्ही हात पुढं करून, लेकराच्या मागं चालावं तशी. वाटेत डावा पाय लटपटला तेव्हा तिचे हात लागले. मग सुटले. आत मी एकटी गेले, दाराला कडी लावली, आणि त्या कडीचा आवाज ऐकून मला रडू आलं.

परत येऊन टेकले. पट्टा सैल करायला ती खाली बसली. गोड बोलावं म्हणून मी म्हटलं, "झालं गेलं जाऊ दे. पण तुजा पाय लईच जोरात बसला व्हता, बाई."

तिनं पट्ट्यावरून नजर न काढता सांगितलं, "आत्याबाई, त्या दिवशी मी नुसता तुमच्या लुगड्याला पाय लावला व्हता. जोरात मारावं वाटलं ते नंतर, बाया भेटायला येऊन राहिल्या तवा."